कोरड्या पायांचा पूल

नीट मांडी घालून बसा. मधेच उठायचं नाही. आणि थोरलीवरचा पूल कुणी बांधला असं कुणी विचारलं तर सरकारनं, असं उत्तर द्यायचं नाही. ते पुलाच्या तोंडाशी रोवलेल्या दगडावर कोरलेलंच आहे. त्या दगडाला शेळ्या अंग घासतात. खरी गोष्ट त्या दगडावर नाही. ती तोंडातोंडी आहे, आणि ती ऐकल्याशिवाय त्या पुलावरून जाऊ नये.

थोरली म्हणजे आपली नदी. तिला नाव आहे, कागदावर आहे, पण नावानं हाक मारायची आपल्याकडं रीत नाही, जशी थोरल्या जावेला मारत नाहीत. म्हणून थोरली. अलीकडच्या काठाला आडगव्हाण, पलीकडं निंबारी, आणि मधे हे एवढं पाणी. भर उन्हाळ्यातसुद्धा पलीकडचं माणूस तिळाएवढं दिसायचं. आईनं घसा फोडून हाक मारली तरी लेकीच्या कानापर्यंत यायची नाही.

तेव्हा इंग्रजाचं राज्य होतं आणि तुमचे पणजे रांगत होते. निंबारीत केरू भोई नावाचा नावाडी राहायचा. अंगानं काटकुळा, पण त्यानं वल्हं हातात घेतलं की थोरली त्याचं ऐकायची, असं म्हणतात. ऐकायची म्हणजे काय, दोघांचं पटायचं. त्याची नाव सागवानी, त्याच्या बापानं बांधलेली. नावेच्या पुढच्या टोकाला पितळेची पाच घुंगरं होती. ती त्याच्या लेकीनं लहानपणी हट्टानं बांधलेली. लेकीचं नाव झुंबर. घुंगरं वाजली की दोन्ही काठांना कळायचं, केरूची नाव निघाली.

केरूला मुलगा नव्हता, पण त्याचं त्याला काही नव्हतं. सगळी विद्या त्यानं झुंबरला दिली. तो म्हणायचा, "नदी डोळ्यानं बघू नगंस, डोळ्याला ती फसवती. कानानं बघ." मग लांब वेळू तळाला टेकवायचा आणि वरच्या टोकाला लेकीचा कान लावायचा. खाली वाळू असली तर चरचरते. खडक असला तर टणकन बोलतो. चिखल मुका. आणि बुडालेलं लाकूड असलं तर ते कण्हतं, अगदी बारीक, आजारी माणसासारखं. आठ वर्षांची पोर वेळूला कान लावून थोरलीच्या पोटातलं सांगायची आणि काठावरच्या बाया तोंडात बोट घालायच्या.

पोर मोठी झाली, लग्न ठरलं. नवरा अलीकडचा, आडगव्हाणचा शिदू. चांगला माणूस. वैशाख सरत आलेला. नवरीला सासरी पोहोचवायला केरूनं स्वतःच नाव काढली, दुसऱ्या कुणाच्या हातात देतोय होय! अलीकडं आल्यावर झुंबर पोटरीभर पाण्यात उतरली. केरू म्हणाला, "जा बाई. वळून बघू नगंस, पाय अडखळतो." आणि नाव फिरवून तो एकटाच परत निघाला.

तिनं वळून बघितलं. कोण बघणार नाही?

इथं आभाळ कोरडं ठणठणीत होतं. पण वर डोंगरात वळवाचा पाऊस कोसळला असणार. थोरलीच्या वळणावरून मातकट पाण्याचा लोंढा आला, भिंतीसारखा उभा. नाव तेव्हा निंबारीच्या अंगाच्या डोहावर होती. झुंबरला एवढंच दिसलं की नाव गर्रकन फिरली. मग घुंगरं वाजली, असं म्हणतात. एवढ्या लांबून ऐकू येण्यासारखी नव्हतीच ती. पण तिनं ऐकली. मग पाणीच पाणी.

आडगव्हाणच्या पोहणाऱ्यांनी तीन दिवस डोह घुसळून काढला. नाव सापडली नाही. केरूही नाही.

चौथ्या दिवशी वाळलेल्या भोपळ्यांची सांगड पोटाखाली घेऊन पोहणारा एक कोळी निंबारीहून निरोप घेऊन आला. निरोप झुंबरच्या आईचा, ठकूबाईचा. ती म्हणाली होती, "घरातलं एक माणूस पाण्याला दिलं तेवढं बास. माझी लेक पाण्यातनं येणार न्हाई. कोरड्या पायानं येशील तवाच ये. त्याच्याआधी आलीस तर दार लावून घेईन. माझी आण हाय तुला. आन् तुझा बाप गेला असं कुनी म्हनलं तर ऐकू नगंस. नाव घावली न्हाई, म्हंजे कुठंतरी खाली काठाला लागलीया. येत्यालच."

आता तुम्ही म्हणाल, एवढं काय, वळसा घालून जायचं. वळसा चार दिवसांचा होता आणि वाटेत थोरलीला मिळणाऱ्या दोन नद्या. कुठूनही जा, पाण्यात पाय घालावाच लागतो. शिदू म्हणाला, "चल, म्या सांगडीवरनं न्हेतो, आईला काय कळतंय?" ती म्हणाली, "आईला न्हाई कळणार, पर आण मला ठावं हाय की."

म्हणून मग त्याच कोळ्याच्या तोंडी निरोप धाडून दोघी मायलेकींनी एक युक्ती काढली. निंबारीच्या काठावर एक बाभूळ होती. ठकूबाई रोज सकाळी तिच्यावर आपलं लाल लुगडं वाळत घालायची. सवाष्णीचं लाल. त्याचा अर्थ, मी आहे, कुंकू आहे, तुझ्या बापाची वाट बघतेय. झुंबर अलीकडच्या काठावर आपलं हिरवं लुगडं पसरायची. मीही आहे. पुढं झुंबरला पोरगी झाली, मग पोरगा झाला. प्रत्येक बाळाला ती सव्वा महिन्यानं नदीवर घेऊन गेली आणि दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून धरलं. पलीकडं लाल लुगडं दोनदा हललं. आजीनं नातवंडं बघितली ती एवढीच.

अशी बारा वर्षं. झुंबर हसायची, बोलायची, रानात राबायची. पण एक काटा तिच्या काळजात कायमचा होता. मला पोचवायला आला म्हणून बाप गेला. मला पोचवायला आला म्हणून आई एकटी पडली. हे ती शिदूलाही बोलली नाही. रोज सकाळी मात्र लाल लुगडं दिसलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. आईला वाटतंय ना बाप येईल, मग वाटू दे.

आणि मग एके दिवशी आडगव्हाणच्या माळावर तंबू ठोकले गेले. पूल होणार! पोतनीस नावाचे इंजिनेर साहेब आले. उंच, डोळ्यांवर चष्मा, उन्हानं नाक सोलवटलेलं. दुसऱ्याच दिवशी झुंबर पाटी घेऊन कामावर हजर. गावात हसाहशी झाली. सासू म्हणाली, "घरात काय कमी हाय गं?"

"पूल कमी हाय," झुंबर म्हणाली.

पूल खालून वर बांधत जातात, असं वाटतं ना तुम्हाला? साफ चूक. नदीतला खांब आधी वरून खाली बांधतात. नदीत वाळूचं बेट करायचं. त्याच्यावर धारदार लोखंडी कडं ठेवायचं, मोटेच्या विहिरीहून मोठं. कड्यावर दगडचुन्याची गोल भिंत चढवायची. मग आतली वाळू उपसायची. खालची वाळू गेली की भिंत आपल्याच वजनानं खाली उतरते. पुन्हा वर भिंत, पुन्हा आत उपसा. असं करत करत ती विहीर थोरलीच्या पोटात साठ साठ हात शिरते आणि खडकावर जाऊन बसते. मग ती भरून काढायची आणि तिच्यावर खांब उभा करायचा. अशा बारा विहिरी होत्या. आणि प्रत्येक विहीर उभी सरळ उतरली पाहिजे. केसभर कलली तरी साहेबांचा ओळंबा चुगली करायचा.

झुंबर माहेर विहिरींनी मोजायला लागली. आता माहेर नऊ विहिरींवर आलं. आता सहांवर. दोन वर्षांत सगळ्या बसल्या, एक सोडून. सातवी. ती नेमकी निंबारीच्या अंगाच्या डोहात होती. सातवी वीस हात खाली गेली आणि थांबली. एक बाजू हलेना, दुसरी खचत चालली. विहीर कलली. ओळंबा भिंतीपासून दीड हात लांब लोंबायला लागला.

साहेबांनी वर राहिलेल्या बाजूवर लोखंडी रुळांची रास रचली, की भारानं ती बसेल. बसली नाही. आणखी रूळ. महिना गेला. मग मुकादम दुर्गप्पा, आयुष्यभर पुलांवर हाडं झिजवलेला माणूस, पागोटं काढून साहेबांपुढं उभा राहिला. "सायेब, ह्याला मानूस लागतंय. दिल्याबिगर हालायचं न्हाई." हे त्याला मनापासून वाटत होतं, तो काही वाईट नव्हता. पण तोंडातून शब्द निघाला आणि दोन्ही गावांत वणवा पेटला. बायांनी पोरं घरात कोंडली. निम्मे मजूर बिऱ्हाडं गुंडाळून पसार झाले.

पोतनीस साहेब असे चिडले, असे चिडले! "मी पूल गणितावर बांधतो, माणसांवर नाही!" असं ओरडले. पण त्यांच्या गणिताचंही काही चालत नव्हतं.

एका दुपारी सगळे भाकरीला बसले असताना झुंबर एकटी विहिरीच्या भिंतीवर चढली. सोबत लांब वेळू, एकाला एक जोडलेले. तिनं तो आत सोडला, अडलेल्या बाजूच्या तळाशी टेकवला आणि कान लावला.

वाळू चरचरली नाही. खडक टणकला नाही. खाली काहीतरी कण्हलं. लाकूड. तिनं वेळू जरासा सरकवला, आणि मग ते ऐकलं. बारीक, चिखलात दबलेलं, पण पितळेचं. घुंगरू.

झुंबर तिथंच बसली.

असं बघा तिचं काय झालं. सांगावं, तर विहीर मोकळी होईल, पूल होईल, ती कोरड्या पायांनी आईकडं जाईल. पण नाव सापडली असं कळलं की पलीकडच्या बाभळीवरचं लाल लुगडं उतरेल. आई चौदा वर्षं ज्या आशेवर जगली ती आपल्या तोंडानं मोडायची. आधी बाप नेला, आता आईचं कुंकूही नेऊ? आणि न सांगावं, तर पूल नाही. कधीच नाही.

ती गप्प राहिली. तीन दिवस. सकाळी लाल लुगडं दिसलं की तिला रडू फुटायचं. तिसऱ्या दिवशी रुळांच्या भारानं सातव्या विहिरीच्या भिंतीला वरपासून चीर गेली. साहेबांनी चष्मा काढून पुसला आणि सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "झालं. ही जागा सोडायची. पूल इथून आठ कोस वर होईल, नव्यानं. मी आज तसं लिहून टाकतो."

झुंबर गर्दीतून पुढं झाली. "सायेब, लिहू नगा. खाली दगूड न्हाई. लाकूड हाय."

"कशावरून?"

"ऐकलं."

हशा पिकला. साहेब हसले नाहीत. "झाड असेल वाहून आलेलं," ते म्हणाले.

"झाड न्हाई, नाव हाय. माझ्या बापाची." मग ती दुर्गप्पाकडं वळली, आणि तिचा आवाज फुटला. "आन् तू मानूस कुठं मागतोस रं? ह्या पुलानं आपलं मानूस चौदा वर्सं आदीच घेतलंय. माझा बाप दिलाय की त्याला!"

दुर्गप्पानं पागोटं काढलं ते पुन्हा घालायचं विसरला.

कामावर अब्बासचाचा नावाचे पाणबुडे होते, कोकणातले, समुद्रात जन्म काढलेले. डोक्याला पितळी टोप, पायात शिशाचे जोडे, हवेची नळी. ते विहिरीत उतरले. वर माणसं हवेचा पंप मारत राहिली. खूप वेळानं चाचा वर आले, टोप काढला आणि मूठ उघडली. हिरवट पडलेलं एक घुंगरू होतं. ते झुंबरच्या हातावर ठेवून चाचांनी विचारलं, "बाय, कापू काय?" नाव कापल्याशिवाय विहीर सुटणार नव्हती. साहेबांना विचारलं नाही त्यांनी, तिलाच विचारलं.

"कापा, चाचा," ती म्हणाली आणि तोंड फिरवलं.

आठ दिवस पाण्याखाली करवत चालली. एकेक फळी वर आली. झुंबरनं प्रत्येक फळी स्वतः उचलून काठावर नेली, धुतली आणि मांडून ठेवली. शेवटी नावेएवढी रास झाली. नाव सगळी सापडली, नावाडी नाही सापडला. हाड नाही, कडं नाही, धोतराची चिंधी नाही. आणि नवव्या दिवशी, शेवटची फळी निघाली तेव्हा, महिनाभर अडलेली ती विहीर हलली. हळूहळू नाही, एकदम. हातभर खाली गेली आणि जाता जाता आपोआप सरळ झाली. ओळंबा भिंतीला येऊन टेकला. साहेब म्हणाले, अडथळा गेला म्हणून असं झालं. त्यांचं खरं असेल. पण वर उभ्या असलेल्यांनी सांगितलं की कुणीतरी खाली वाकून तिला खांदा दिला. केरू तिथंच आहे, सातव्याखाली, पुलाला खांदा देऊन, असं म्हणतात.

त्या रात्री मजुरांच्या होडीतून बातमी निंबारीला गेली. सकाळी झुंबर नदीवर आली तर बाभूळ मोकळी होती. दुसऱ्या दिवशीही मोकळी. तिसऱ्याही. ती हिरवं लुगडं पसरत राहिली, आणि पलीकडं काही नाही. असा कोरा काठ तिनं चौदा वर्षांत बघितला नव्हता. "म्याच मारली आईला," असं ती शिदूला म्हणाली आणि त्याच्यापुढं पहिल्यांदा ओक्साबोक्शी रडली.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बाराही खांब वर आले. दोन्ही काठांकडून लोखंडी गर्डर चढत आले. वैशाख संपता संपता एकच गाळा राहिला, सातव्या आणि आठव्या खांबाच्या मधला, साठ हातांचा. त्याचा गर्डर यायला उशीर झाला होता. झुंबर सातव्यावर पाट्या टाकत होती. मान वर केली तर समोर आठव्यावर एक म्हातारी. निंबारीच्या मजुरांनी तिला हाताला धरून आणली होती. अंगावर पांढरं लुगडं, कपाळ मोकळं.

पंधरा वर्षं तिळाएवढी दिसलेली आई आता आईएवढी दिसत होती. साठ हात. बोललेलं ऐकू येत होतं! झुंबर म्हणाली, "आई, म्या सांगितलं गं. म्याच सांगितलं. माझ्यापायी तुझं कुक्कू..."

"गप, येडे!" ठकूबाई पलीकडून ओरडली. तोच आवाज, तोच दरारा. "मला काय ठावं नव्हतं व्हय? म्या काठावर हुभी हुते. नाव जाताना बघितली म्या माझ्या डोळ्यानं."

"मग लुगडं?"

"ते तुझ्यासाठी. तुला वाटलं असतं, मला पोचवाया गेला म्हनून बाप मेला. नव्या नवरीनं असलं वझं घिऊन नांदायचं व्हय? म्हनून लावलं कुक्कू. चौदा वर्सं देवाशी खोटं बोलले. आता नाव घावली, आता सुटले बाई."

झुंबर मट्कन खाली बसली. आईसाठी ती गप्प राहिली होती आणि तिच्यासाठी आई. मधे नदी होती, म्हणून दोघींनाही कळलं नव्हतं.

मग अकरा दिवस रोज भाकरीच्या वेळेला दोघी आपापल्या खांबावर बसायच्या. साहेबांनी दोन्हीकडं पडू नये म्हणून दोरखंड बांधून दिले आणि त्या वेळी यारीचा, म्हणजे ओझं उचलायच्या यंत्राचा, खडखडाट बंद ठेवायला सांगितला. काय बोलायच्या? काही नाही. भाकरी काय केलीस, पोरगीला कान टोचलेस का, गुडघा दुखतो का. दुर्गप्पानं एकदा डोकं चालवलं. म्हणाला, यारीच्या बादलीत बसवतो आणि झुंबरला पलीकडं ठेवतो, काय लागतंय? पाण्याला पाय लागायचा नाही. ठकूबाई कडाडली, "पाखरू हाय का ती? लेक माहेरी चालत येती. चालतच ये गं. म्या थांबते की." आणि झुंबर हसली. त्या बादलीत बसली असती तर, असं पुढं कितीदा तिच्या मनात आलं असेल, ते तीच जाणे.

बाराव्या दिवशी थोरली वेळेआधीच चढली. काम थांबलं. मजूर गेले. खांबांवर जाणं बंद झालं. चार महिने पाणी असं गरजत राहिलं की होडी नाही, सांगड नाही, निरोप नाही. पावसाच्या पडद्यातून पलीकडची बाभूळसुद्धा दिसेना.

दसऱ्यानंतर पाणी उतरलं. गर्डर आला, यारीनं उचलला, सातव्या-आठव्यावर बसवला, वर फळ्या ठोकल्या. पूल झाला. मोठे साहेब फीत कापायला पुढच्या आठवड्यात येणार होते. पोतनीस साहेब आडगव्हाणला झुंबरच्या दारात आले आणि म्हणाले, "बाई, फीत वगैरे असू दे. आधी तुम्ही जा."

ती निघाली, आणि नेमकी भुरभुर सुरू झाली. अवकाळी. झुंबर पुलाच्या तोंडाशी थांबली. फळ्या ओल्या होत होत्या. आईचा शब्द होता, कोरड्या पायानं. ती थांबली ते बघून दुर्गप्पानं आपलं पागोटं सोडलं आणि तिच्या पायांपुढं फळ्यांवर अंथरलं. मग दुसऱ्यानं पटका काढला. कुणी पोती आणली, कुणी घोंगडी. चाचांनी आपली लुंगी अंथरली आणि चड्डीवर उभे राहिले, पण हसलं कुणी नाही. ती एकेक पाऊल टाकत पुढं जायची, मागचं कापड उचलून पुढं यायचं. अशी ती बाराही खांब ओलांडून गेली. पाऊस पडत होता आणि तिच्या तळव्याला थेंब लागला नाही, असं म्हणतात. हे मात्र नुसतं म्हणत नाहीत, हे खरं आहे. ज्यांची पागोटी भिजली त्यांनी सांगितलंय.

पण त्याआधी, मधे सातव्यावर, ती वाकली. फळीला कान लावला. काय ऐकलं ते कुणाला सांगितलं नाही. मग उठली आणि निंबारीकडं तोंड करून सगळ्या ताकदीनं हाक मारली.

"आई! कोरड्या पायानं आले गं!"

काही नाही. बाभूळ मोकळी. काठ मोकळा. तिनं पुन्हा हाक मारली. खालून नुसतं पाणी. तिला कळलं. कळलं होतंच, चार महिने कळत होतं, पण हाक मारेपर्यंत कळलेलं खरं नसतं. ती परत फिरणार होती. मागं वळून तिनं एक पाऊल उचललंही होतं.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "ओ! ये गं बाई, ये! आले, आले!"

हुबेहूब ठकूबाईचा आवाज, असं म्हणतात. काठावरून एक पोरसवदा सून धावत आली, हात शेणानं भरलेले, पदर विस्कटलेला. झुंबरनं तिला कधी बघितलं नव्हतं. ती धापा टाकत म्हणाली, "आत्याबाई, रागावू नगा. जरा आत गेले हुते. आज माझी पाळी हाय."

"कसली पाळी?"

मग तिनं सांगितलं. ठकूबाई श्रावणात गेली. जाण्याआधी तिनं निंबारीच्या सगळ्या बाया उशाशी बोलावल्या. म्हणाली, "माझी लेक येईल आन् हाक मारंल. म्या नसंन. तवा कुनीतरी ओ द्या. हाकंला ओ आली न्हाई तर लेकीला माहेर ऱ्हात न्हाई." तेव्हापासून निंबारीच्या बायांनी पाळ्या लावल्या होत्या. रोज एक जण, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत, पुलाच्या तोंडाशी. पावसात सुद्धा. पूल अर्धा असताना सुद्धा.

ती पोरगी झुंबरला घरी घेऊन गेली. उंबऱ्यावर ते लाल लुगडं घडी करून ठेवलं होतं, लेकीला पाय पुसायला. पाय कोरडेच होते. तरी झुंबर उंबऱ्यावर बसली आणि किती तरी वेळ त्या लुगड्यानं पाय पुसत राहिली.

ती पुढं म्हातारी होऊन आडगव्हाणलाच वारली. पोतनीस साहेबांनी आणखी किती पूल बांधले कोण जाणे. पण असं म्हणतात की नव्या विहिरीवर काम सुरू करताना ते गणित मांडायच्या आधी एक लांब वेळू मागवायचे.

पूल अजून आहे. आता त्याच्यावरून एसटी जाते, ट्रक जातात. बाभूळ ती नाही, तिच्या शेंगांची आहे, पण तिच्यावर लाल लुगडं असतं. दर वैशाखात निंबारीची त्या वर्षी सासरी गेलेली लेक ते बदलते. आणि निंबारीची कुठलीही लेक माहेरी येताना सातव्या खांबावर गाडी थांबवते. नवा कंडक्टर असला तर कुरकुर करतो, जुना आपणहून घंटी मारतो. ती खाली उतरते, चपला काढते आणि हाक मारते, "आई, कोरड्या पायानं आले गं!"

आणि निंबारीच्या तोंडाला जी कुणी बाई असेल, भाजी विकणारी, धुणं धुणारी, शाळेतून येणारी पोरगीसुद्धा, हातातलं काम टाकून ओ देते. ओ दिल्याशिवाय ती पुढचं काम करत नाही. ज्यांची आई घरात वाट बघत असते त्याही लेकी हाक मारतात आणि ज्यांची आई कधीच गेली त्याही मारतात. ओ दोघींना सारखीच मिळते. ती ऐकून मग लेक चपला घालते आणि गाडीत बसते.